सांजेची हजेरी

कमानीपाशी जीपचा धुरळा दिसला तशी धापूने कलथा कढईच्या काठावर ठेवला आणि ओढणी नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढून घेतली. कापडछपाईच्या कारखान्यातल्या निळीने तिची बोटं मनगटापर्यंत निळी झाली होती. इतकी वर्षं या वस्तीत ती उघड्या तोंडाने वावरली होती. आता ओढणीआडून चूल दिसेना, लापशी दिसेना, नुसता वास येत राहिला.

"अगं, करपेल ती!" शेजारच्या खोलीतली सायर हसली. "जेठजी अजून कमानीशी आहेत. त्यांना इथून तुझं नाक दिसतंय होय?"

"सवय करून घेतेय," धापू म्हणाली.

सायर आणि दोघी-तिघी सकाळपासून मदतीला होत्या. हरजीची सुटका झाली होती, म्हणजे वस्तीतला सण. लापशीत गूळ पडला की बाया गायला लागत. या जागेची गाणीही त्यांनीच जुळवली होती, कारण माहेरच्या गाण्यांत असलं घर नव्हतं:

*दार माझं उघडं गं, कडी आतल्या अंगाला,*
*साजण माझा मोजून जातो, मोजून येतो सांजेला.*

खरंच होतं ते. इथे राहणारे पुरुष सगळे सजा भोगणारे, बहुतेक जन्मठेपेचे; पण भिंत नाही, गज नाहीत. बायका-मुलांना घेऊन राहायचं, सकाळी नाव सांगून जयपुरात कामाला जायचं, दिवस मावळता परत येऊन शिट्टीबरोबर रांगेत उभं राहायचं. हजेरी घेणारे लिखमाजी, तेही कैदीच, सगळ्यांनी मिळून निवडलेले वस्तीचे पंच. आधीची वर्षं हरजीने मोठ्या तुरुंगात काढली होती. तिथे धापू दुहेरी जाळीतून त्याला बघायची. जाळीमुळे त्याच्या चेहऱ्याचे बारीक बारीक चौकोन व्हायचे, आणि आज कुठला चौकोन उदास आहे हे ती शोधत बसायची. मग त्याला या खुल्या तुरुंगाच्या वस्तीत धाडलं. पहिल्या रात्री धापूने दाराची कडी आतून लावली, काढली, परत लावली. हरजी म्हणाला, "झोपू दे की." पण त्यालाही हसू आलं होतं.

जीप भोमा चालवत होता. पुढे त्याचे वडील धन्नाजी, म्हणजे हरजीचे थोरले भाऊ, धापूचे जेठजी. मागे न्यातीचे, जातपंचायतीचे, दोन म्हातारे पंच, नणंद मनभर, आणि सगळ्यांत मागे, पाय खाली सोडून, केसर.

केसरला बघून धापूचा हात थांबला. ती येणार हे कुणी कळवलं नव्हतं. केसर म्हणजे चुलत दीर रुघाची बायको. ज्या रुघाच्या खुनापायी हरजीची सगळी जवानी गेली, त्या रुघाची.

"मनभर," धन्नाजी अंगणात टेकता टेकता म्हणाले, "तिला सांग, सामान बांधायला घे. उजेडात निघायचंय."

मनभरने मान वळवली. धापू हातभर अंतरावर उभी होती. "भाभी, दादा म्हणतो सामान बांध."

"बाईसा, जेठजींना सांगा, आधी दोन घास खाऊन घ्या."

"दादा, ती म्हणते..."

"ऐकलं मी, ऐकलं. बहिरा झालो का?" धन्नाजी म्हणाले. "तिला सांग, की ऐकलं."

"भाभी, त्याने ऐकलं बरं का."

भोमा तेवढा हसला, आणि हसू अर्ध्यावर टाकून जीपकडे परत गेला. या घरचा उंबरा ओलांडून धापूची उणीपुरी जवानी निघून गेली, तरी जेठाशी ती एक शब्द थेट बोलली नव्हती. बोलायचं ते नणंदेमार्फत. नणंद नसली तर खांबाशी, म्हशीशी, परींड्यावरच्या, पाण्याच्या ओट्यावरच्या, मटक्याशी. "अरे मटक्या, विहिरीवरची मोट तुटलीय" असं म्हटलं की मागे खाटेवर पडलेले जेठजी उठून मोट बघायला जायचे. मटक्याला सांगितलेलं कुणी परत विचारत नाही, आणि कुणी नाकारतही नाही.

हरजी आला तो गुडघ्यांना माती घेऊनच. सुटकेचा कागद हातात आला होता तरी रोपवाटिकेत शेवटची कलमं बांधायची राहिली होती म्हणून गेला होता. धन्नाजींच्या पाया पडला. थोरल्याने त्याला उठवून छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. धापूला ओढणीआडून दिसलं, जेठजींचे खांदे हलत होते. खोटं नव्हतं ते. हेच तर अवघड होतं; या माणसात खोटं फार थोडं होतं.

"तीनदा फाइल परत आली तुझी," धन्नाजी डोळे पुसत म्हणाले. "दर वेळी ठाण्यातून तेच, हा गावात आला तर शांतता बिघडेल. सरपंच सही करेना, रुघाच्या घरचे करू देईनात. किती उंबरे झिजवले, विचार यांना. शेवटी न्यातीत बोलणं केलं, तेव्हा कुठे ठाण्याने चांगलं लिहून दिलं."

"काय बोलणं झालं?" हरजीने विचारलं.

थोरल्या पंचाने मिश्यांवरून हात फिरवला. "जाजम टाकायची, पंचायत बसवायची. आज, इथेच. तू तुझा साफा काढून केसरच्या पायांवर ठेवायचास. म्हणायचं, माझ्या हातून झालं, माफ कर. तिने साफा उचलून बाजूला ठेवला की वैर संपलं. मग आम्ही नवा साफा बांधून तुला गावात नेतो. कुणी ब्र काढणार नाही."

"एवढंच," धन्नाजी म्हणाले.

"एवढंच," हरजी म्हणाला, आणि हातपाय धुवायला आत आला.

धापूने त्याच्या हातावर पाणी घातलं. बाहेर मनभर सगळ्यांना ताक वाढत होती.

"तुम्ही हे म्हणणार नाही," धापू हळूच म्हणाली.

"कोर्टात म्हटलंच आहे की."

"ते सरकारला म्हटलं. सरकारला काय, ते आपल्या गावच्या विहिरीवर पाणी भरायला येत नाही. ही जाजम आहे. जाजमवर बोललेलं तुमच्या मागे आपल्या पेमलीच्या लेकरांपर्यंत जाईल. तुमच्या आजोबाने खून केला, असं."

हरजी तोंड पुसत राहिला. रुघाच्या डोक्यात फावडं घातलं ते भोमाने. पाण्याच्या पाळीवरून शिवीगाळ झाली, सांज कलत होती, पोरगं विशीतलं, गरम डोक्याचं. पोलीस यायच्या आत घरात जाजम बसली आणि त्या घरातून एक जण जाईल असं ठरलं. भोमाची बायको पोटुशी होती. धन्नाजी घर चालवत होते. हरजीला एकच मुलगी, पेमली. कुणी त्याला ढकललं नव्हतं. तो आपण होऊन म्हणाला, मी जातो. धापू तेव्हा परींड्यापाशी उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. मटक्यालाही सांगायचं तिला सुचलं नाही.

"भोमाला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलीय," हरजी म्हणाला. "मी त्याच्यासाठी गेलो, त्याचं मला दुःख नाही. आता शेवटच्या पायरीवर कशाला अडायचं?"

"तुम्ही सजा भोगलीत, ती देऊन टाकली. पण नाव का देता?"

"मला गाव पाहिजे, धापू." तो खाटेवर बसला. "इथलं चांगलं आहे. पण रोज सांजेला कुणीतरी माझं नाव घेतं आणि मी 'हाजिर' म्हणतो, तेव्हा मी आहे असं ठरतं. गावात कुणी नाव घेणार नाही, तरी मी असेन. आपल्या बांधावरच्या खेजडीच्या झाडाखाली नुसता बसेन. कुणी मोजणार नाही मला."

तिला गाव नको होतं, ही तिची गोष्ट होती. कारखान्यामागे एक खोली मिळत होती, मालकिणीशी बोलणं झालं होतं. पण हरजीच्या गावाच्या आड स्वतःची खोली आणायची तिची हिंमत होईना.

तो कपडे बदलून बाहेर गेला आणि दारात केसर आली. पाणी प्यायच्या निमित्ताने. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, दोघींच्या ओढण्या खाली. केसरने दाराच्या कडीला हात लावला.

"ही आतून आहे?"

"आतून."

केसरने कडी लावली, काढली. "जेलात?" तिने विचारलं, आणि परत लावून बघितली. "माझ्या दाराला दोन कड्या आहेत, भाभी. पण जेठजींच्या अंगणातून माझ्या दाराची फट दिसते. रुघा गेल्यापासून मी रात्री दिवा लवकर मालवते. लोकांनी म्हणू नये, अजून जागी आहे म्हणून."

"पोरं?"

"मोठी झाली. थोरला सुरतेला कापडात आहे. धन्नाजींच्या घरानेच लावून दिला," ती म्हणाली, आणि जीभ चावली. जेठाचं नाव तोंडातून गेलं होतं. मग केसर गालात हसली. "बघ, मटक्याने ऐकलं."

त्या हसण्याने धापूला कोर्टातला दिवस आठवला. केसर साक्षीला उभी होती. वकिलाने विचारलं, मारणाऱ्याचं नाव सांगा. केसर बोलली नाही. परत विचारलं. तेव्हा कुणीतरी उठून म्हणालं, साहेब, आमच्यात बायका जेठाचं नाव घेत नाहीत. मग वकिलाने स्वतःच विचारलं, हरजीराम का? केसरची मान हलली. सगळ्यांना ते रीतीला धरून वाटलं, कोर्टालासुद्धा. धापूला मात्र तेव्हाच काहीतरी टोचलं होतं, फक्त काय ते हाती लागलं नव्हतं.

आत्ता लागलं.

वस्तीतल्या खेजडीखाली जाजम पसरली गेली. लिखमाजींनी परवानगी दिली होती, म्हणाले, "चालू द्या. फक्त शिट्टी झाली की माझी माणसं मला रांगेत पाहिजेत." कामावरून परतलेले लोक लांब बांधावर टेकले. जाजमवर पंच, धन्नाजी, हरजी. एका कोपऱ्यावर भोमा, चपला काढून, नजर चपलांवर. बायका परींड्यापाशी, पुरुषांकडे पाठ करून. केसर तेवढी जाजमकडे वळून, पाय काठाला टेकवून बसली होती, साफा ठेवायचा म्हणून.

"ऊठ, हरजी," पंच म्हणाला.

हरजीने साफ्याची घडी सोडवली. वर्षानुवर्षं तोच खाकी साफा, सुतकाचा. पाठमोऱ्या धापूला त्याचे केस दिसले नाहीत, पण कापडाचा आवाज ओळखीचा होता. तो केसरच्या पायांशी वाकला.

तेव्हा धापूने मटक्यावर तळहात ठेवला. मटका गार होता.

"अरे मटक्या," ती म्हणाली, फार मोठ्याने नाही, पण बांधावरच्यांनाही ऐकू जाईल असं, "तुला एक विचारते. बाई जेठाचं नाव घेत नाही, ते खरं. पण पुतण्याचं घेते ना?"

खेजडीखाली सगळं थांबलं. हरजी वाकलेलाच राहिला.

"मनभर, काय बोलते ती?" धन्नाजी म्हणाले.

मनभरने मटक्याकडे पाहिलं. "दादा, ती... मटक्याशी बोलते."

"मटक्या," धापू पुढे बोलली, "त्या दिवशी हिने कुणाचं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं, ते हिलाच ठाऊक. पण पेमलीच्या बापूंनी हा साफा या पायांवर ठेवला, तर हिने तो उचलायचा की नाही, हेही हिलाच ठाऊक असू दे. मला काही म्हणायचं नाही."

"हे काय चाललंय?" धाकटा पंच चिडला. "बाईचं बोलणं जाजमवर धरत नाहीत."

"जाजमशी बोलली कुठे?" थोरला म्हणाला. "मटक्याशी बोलली. तिला अडवायचं कसं?"

केसरने पाय मागे घेतले. सावकाश, अंगाखाली. मग धापूच्या शेजारी सरकली आणि तिनेही मटक्यावर हात ठेवला. निळी बोटं आणि शेणाने राठ झालेली बोटं शेजारी शेजारी.

"मटक्या," केसर म्हणाली, "भोमाचं नाव घ्यायला मला कसली लाज? तो पुतण्या माझा. मांडीवर घेऊन तूप चाटवलंय त्याला. घ्यायचं असतं तर तिथल्या तिथे घेतलं असतं. पण ठरलं होतं. त्या घरातून एक जण जाईल, कोण ते त्यांचं त्यांनी बघावं. विहीर एक, वाट एक, माझी पोरं लहान. मी मान हलवली. आणि रीत होती म्हणून माझी मान कुणाला खोटी वाटली नाही." ती थांबली. "ज्याच्याकडून मला काही येणं नाही, त्याच्या साफ्याला मी हात लावणार नाही."

बांधावर कुणी खोकलं. हरजीने साफा दोन्ही हातांत धरला होता, आता त्याचं काय करायचं हे त्याला कळेना. तो तसाच खाली बसला, साफा मांडीवर घेऊन.

धन्नाजींच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. ते कुणाकडेच बघत नव्हते. मग ते परींड्याकडे तोंड करून बोलले, आणि थोरल्या जेठाने मटक्याशी बोलावं हे त्या घराने पहिल्यांदाच पाहिलं.

"मटक्या, सांग यांना. मी माझं पोर वाचवलं. दुसऱ्या कुठल्या बापाने काय केलं असतं? माझ्या भावाचं घर मी सांभाळलं. रुघाचं सांभाळलं. एकाचंही लेकरू उपाशी झोपलं नाही."

"नाही झोपलं," केसर मटक्याला म्हणाली. "खरं आहे ते."

"मग आता हे कशाला उकरायचं? उद्या पोलीस..."

"पोलीस नको," धापू म्हणाली. "पोलिसांचं झालं. ते मोजून फिटलं. मटक्या, आम्ही कोर्टात जाणार नाही. मी फक्त हे एक वाक्य यांच्या तोंडून निघू देणार नाही."

"म्हणजे गाव नाही," थोरला पंच हरजीकडे बघून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "वैर संपल्याशिवाय आम्ही तुला नेऊ शकत नाही रे. माहीत आहे ना तुला?"

हरजीने मान डोलावली. त्याची खेजडी, त्याचा बांध, कुणी न मोजता बसायची जागा. ती तिने आत्ता, एका मटक्याच्या आडून, त्याच्यापासून काढून घेतली होती. तो तिच्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त साफ्याची एक दुमड नीट केली आणि तो परत डोक्याला गुंडाळायला घेतला, तोच जुना, खाकी.

"कारखान्यामागे एक खोली आहे," धापू मटक्याला म्हणाली. "पुढे झाडही आहे. खेजडी नाही. कडुनिंब."

"कडी?" हरजीने विचारलं. तोही मटक्याकडेच बघत होता.

"आतून."

सायर कुठेतरी मागे नाक ओढत होती. धाकटा पंच चपला शोधायला लागला. लापशी कढईत तशीच होती, आणि ती कुणी खाल्ली तर चालेल का, हे मनभर कुणाला विचारावं अशा तोंडाने उभी होती.

शिट्टी झाली.

बांधावरचे लोक उठले, कपडे झाडत मोकळ्या जागेकडे गेले. जाजमवर हरजीचे गुडघे आपोआप वर आले. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो परत टेकला. त्याचं नाव कालच खोडलं होतं. त्याने हात गुडघ्यांवर दाबून धरले, आडवळणाला लागलेल्या बैलांना धरावं तसे.

लिखमाजी रांगेपाशी आले. नावं घेऊ लागले, "हाजिर, हाजिर" येऊ लागलं. नावं संपली. मग ते रांगेच्या कडेने बोट हलवत मोजत गेले, शेवटाला पोचले आणि थबकले.

"एक जास्त येतोय," ते म्हणाले.

जाजमच्या कोपऱ्यावर नुसत्या चपला होत्या.

भोमा रांगेच्या टोकाला उभा होता. अनवाणी, हात बाजूला सोडून. केव्हा गेला कुणी पाहिलं नाही. धन्नाजींनी "भोमा!" म्हणून हाक मारली.

"भाऊ, पाहुण्यांनी तिकडे बसायचं," लिखमाजी म्हणाले.

भोमा हलला नाही.

लिखमाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. बरीच माणसं पाहिली होती त्यांनी अशी, कुठल्याशा दारात पहिल्यांदा उभी राहिलेली. त्यांनी नवीन माणसाला विचारतात तसं, तितक्याच कोरडेपणाने विचारलं, "नाव?"

"भोमाराम."

"बापाचं?"

भोमाने खेजडीकडे पाहिलं. "धन्नाराम."

केसरने दोन बोटांनी ओढणी वर केली. भर उजेडात, सगळ्यांदेखत, तिने भोमाचा चेहरा पाहिला. तो तिच्याकडे बघू शकत नव्हता, पण त्याने मानही खाली घातली नाही. तिने ओढणी परत सोडली. माफ केलं की नाही, हे ती मटक्यालाही बोलली नाही.

"माझ्याकडे तुझं नाव नाही, बाबा," लिखमाजी हळू म्हणाले. "माझ्या मोजणीत मी तुला धरू शकत नाही. पण उभं राहायचं असेल तर राहा. हजेरी मोडेपर्यंत कुणी हलवत नाही."

जाजम हलली. हरजी उठला होता. उठायचं त्याला आता काहीच कारण नव्हतं, कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. साफा सावरत तो मोकळ्या जागेतून चालत गेला आणि रांगेच्या टोकाला, भोमाच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल असा उभा राहिला. जत्रेत त्याला उचलायच्या आधी राहायचा तसा.

लिखमाजींनी सुस्कारा टाकला, बोट वर केलं आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.